जुनी सौर दुर्बीण घेताना

व्यापारी घरात वापरलेली वस्तू विकत घेणे कधीही कमीपणाचे मानले गेले नाही. मोडीत आलेले सोने, दुसऱ्या पेढीने काढलेली तिजोरी, जुना पण अचूक तराजू यांचे मोल करताना वस्तूचे वय दुय्यम ठरते. पाहिला जातो तो तिचा कस. नवे ते सारे चांगले आणि जुने ते सारे टाकाऊ, असा सरधोपट हिशेब गादीवर बसणारा माणूस करीत नाही. ही सवय शहाणपणाची आहे आणि संसारात तिचा उपयोग पदोपदी होतो. मात्र काही वस्तूंची पारख नेहमीच्या कसोटीने होत नाही. सूर्य पाहण्याची दुर्बीण ही अशांपैकी एक होय.

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील आपल्या नियोजित कक्षेत पोहोचले. त्यावरील ‘सूट’ ही अतिनील किरणांची दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या पुढाकाराने घडली. अशा बातम्या वाचणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलाने वा मुलीने घरच्या गच्चीवरून सूर्य पाहण्याचा हट्ट धरला, तर त्यात नवल नाही. हट्ट चांगलाच आहे. पालक चौकशी करतात, नव्या सौर दुर्बिणीची किंमत ऐकून थबकतात, आणि मग कोणीतरी सुचवितो की हीच वस्तू वापरलेली घेतली तर पुष्कळ स्वस्त पडेल.

सूचना अयोग्य नाही. जुनी सौर दुर्बीण जरूर घ्यावी. परंतु पैसे नेमके कशाचे मोजले जात आहेत, हे आधी जाणून घ्यावे. पाहणाऱ्याला नळी, भिंग आणि तिपाई दिसते. प्रत्यक्षात विकत घेतला जातो तो फिल्टर, म्हणजे सूर्याचा प्रकाश गाळणारा पडदा. बाकी सारे त्याचे वेष्टन होय. वेष्टन सुंदर आणि आतला माल खराब, हा प्रकार व्यापाऱ्यास नवा नाही. पण येथे माल खराब निघाल्यास केवळ पैसे जाऊन भागत नाही. जुना पंखा बिघडला तर दुरुस्त होतो, जुने घड्याळ बंद पडले तर वेळ चुकते. सौर दुर्बिणीचा फिल्टर दगा देऊ लागला, तर किंमत डोळ्याने मोजावी लागते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रात्रीच्या दुर्बिणीचे काम मंद प्रकाश गोळा करून डोळ्यापर्यंत आणण्याचे; सौर दुर्बिणीचे काम नेमके उलटे, म्हणजे बहुतेक सर्व प्रकाश अडवून त्यातला अत्यल्प अंश डोळ्याकडे सोडण्याचे. भिंगाने एकवटलेले ऊन कागद जाळते, हे लहान मुलासही ठाऊक असते. तेच ऊन दृष्टिपटलावर पडले तर तेथील पेशी क्षणार्धात दुखावतात. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. त्यामुळे इजा होत असताना काही कळत नाही. नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो तो काही तासांनी, आणि काहींच्या बाबतीत तो कायमचा राहतो.

सूर्यबिंब आणि सूर्याची कड

सूर्य पाहण्याचे दोन मार्ग आहेत आणि बाजारात दोन्हींना ‘सौर दुर्बीण’ म्हटले जाते. घोटाळ्याची सुरुवात येथूनच होते.

पहिला मार्ग साधा. रात्रीच्या कोणत्याही दुर्बिणीच्या तोंडावर विशिष्ट फिल्टर बसवून प्रकाश सुमारे एक लाखपटीने कमी करायचा. यातून सूर्याचा दीप्तिगोल, म्हणजे नेहमी डोळ्यांना भासणारे तेजस्वी बिंब दिसते आणि त्यावरील काळे सौरडाग दिसतात.

दुसरा मार्ग अधिक नाजूक. हायड्रोजन वायू ६५६.२८ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद तांबडा प्रकाश देतो. त्याला एच-अल्फा असे नाव आहे. केवळ या प्रकाशात सूर्य पाहिला, तर दीप्तिगोलावरचा वर्णगोल हा पातळ थर दिसतो आणि बिंबाच्या कडेवर उसळलेली तेजःशृंगे दिसतात. त्यांतील अनेक पृथ्वीच्या आकाराहून कितीतरी मोठी असतात आणि काहींचा आकार तासाभरात बदलताना पाहता येतो. ‘सौर दुर्बीण’ हा शब्द जाणकार वापरतात तो बहुधा या दुसऱ्या प्रकारासाठी.

ही तेजःशृंगे पाहण्यासाठी एके काळी खग्रास ग्रहणाची वाट पाहावी लागे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून दिसलेल्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून ती पाहिली आणि त्यांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा पाहून त्यांच्या लक्षात आले की त्या रेषांचा आधार घेतला तर ग्रहण नसतानाही तेजःशृंगे दिसतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते करूनही दाखविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी स्वतंत्रपणे तेच साधले. पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर विजयदुर्गावर आले; सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक उतरले, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही तेथेच आपली उपकरणे मांडली.

नायगमवालांच्या पुण्यातील वेधशाळेची कथा या विषयाशी जवळून जोडलेली आहे. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीच्या आधाराने ती उभी राहिली आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली २० इंची दुर्बीण तेथे होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे गेली. पुण्यातली दुर्बीण दुसऱ्या हाती गेली म्हणून तिचे मोल उणावले नाही. पुढेही तिने दीर्घकाळ सेवा दिली. चांगले उपकरण मालक बदलला म्हणून जुने होत नाही. ते जुने होते देखभालीअभावी.

जे पाहण्यासाठी समुद्रापलीकडून पथके येत आणि दोन मिनिटांच्या अंधारासाठी महिनोन्‌महिने तयारी करीत, ते आज हातात मावणाऱ्या नळीतून घरच्या गच्चीवर दिसू शकते. कोरोनाडो या नावाची ‘पीएसटी’ ही छोटी दुर्बीण २००४ च्या सुमारास बाजारात आली आणि एच-अल्फा निरीक्षण सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आले. तिचे तोंड ४० मिलिमीटरचे आणि केंद्रांतर ४०० मिलिमीटरचे. त्यानंतर लुंट आणि इतर उत्पादकांच्या दुर्बिणीही आल्या. आज वापरलेल्या मालात सर्वांत अधिक आढळते ती हीच छोटी पीएसटी. त्यामुळे तिचे गुणदोष ठाऊक असणे उपयोगी पडते.

आत काय असते

एच-अल्फा दुर्बिणीत प्रकाश एकामागून एक अशा तीन चौक्या ओलांडतो. पहिली चौकी तोंडाशी किंवा तिच्या जवळ असते. ती उष्णता आणि नको असलेला बराचसा प्रकाश परतवते. दुसरी चौकी म्हणजे एटलॉन. अतिशय सपाट अशा दोन काचा अत्यल्प अंतर ठेवून समांतर बसविलेल्या असतात. त्यांच्यामधून काही ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश पार होतो. एटलॉन कंगव्याच्या दातांप्रमाणे अनेक बारीक पट्टे सोडतो. त्यांतील हायड्रोजनचा एक पट्टा ठेवून उरलेले सारे अडविण्याचे काम तिसऱ्या चौकीचे. तिला अवरोधक फिल्टर म्हणता येईल. तो बहुधा आयपीसजवळ, काटकोनी आरशाच्या डबीत असतो.

या व्यवस्थेची सूक्ष्मता किती? पीएसटीसारखी दुर्बीण एक अँगस्ट्रॉमपेक्षा कमी रुंदीचा पट्टा सोडते. ४०० ते ७०० नॅनोमीटर या दृश्य प्रकाशाचे तीन हजार समान भाग केले, तर त्यांतील केवळ एक भाग. एवढी नाजूक रचना असलेल्या वस्तूत किंमत कशाची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

तीन चौक्यांपैकी वार्धक्य सर्वांत आधी येते ते अवरोधक फिल्टरच्या जोडीतील एका काचेला. तिच्यावरील धातूचे थर ओलाव्याने हळूहळू गंजतात. काच प्रथम कडेने धुरकट होते, मग तिच्यावर मोतीबिंदूसारखी साय धरते, आणि बिंब दिवसेंदिवस अंधुक दिसू लागते. पीएसटीच्या आरंभीच्या काही नगांमध्ये पुढच्या भिंगावरचा थरही असाच खराब झाला. हे दोष निरीक्षकांच्या वर्तुळात सर्वश्रुत आहेत. बहुतेक वेळा ती काच बदलता येते, पण त्यासाठी खर्च आणि जाणकार हात दोन्ही लागतात.

महाराष्ट्रात ओलाव्याचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. मुंबईत वा कोकणात चार पावसाळे कपाटात पडून राहिलेली दुर्बीण आणि सोलापूर-जालन्याच्या कोरड्या हवेत जपून वापरलेली दुर्बीण यांचे वय कागदावर एकच असले, तरी कस एक नसतो. म्हणून ‘किती वर्षांची?’ या प्रश्नाआधी ‘कोठे आणि कशी ठेवली होती?’ हा प्रश्न विचारावा.

पाच परीक्षा

पहिली परीक्षा कागदाची. मूळ पावती, उत्पादकाचे नाव, नेमका नमुना, खरेदीचे साल आणि विक्रीचे कारण विचारून घ्यावे. दुर्बीण कधी उघडली होती काय, एखादी काच बदलली काय, बदलली असल्यास कोणती आणि कोणाकडून, याचे उत्तर स्पष्ट मिळाले पाहिजे. काच बदलली असणे हा दोष नव्हे; जाणकाराने बदलली असेल तर तो गुण होय. उत्तर टाळले जाणे हा दोष होय.

दुसरी परीक्षा पूर्णतेची. एच-अल्फा दुर्बीण सुट्या भागांत विकली जाते आणि येथे मोठा धोका संभवतो. अवरोधक फिल्टर ज्या डबीत असतो ती डबी हरवली, वेगळी विकली गेली, किंवा तिच्या जागी रात्रीच्या दुर्बिणीची साधी डबी बसविली, तर दुर्बीण बाहेरून पूर्ण दिसते. आतली एक चौकी मात्र नाहीशी झालेली असते. उत्पादकाच्या माहितीपत्रकातील भागांची यादी घेऊन प्रत्येक भाग समोर ठेवून जुळवावा. एकही फिल्टर गहाळ असेल, किंवा तो नेमका कोणता हे सांगता येत नसेल, तर त्या दुर्बिणीला डोळा लावू नये. किंमत कितीही कमी असली तरी तो सौदा सोडून द्यावा.

तिसरी परीक्षा सावलीतील. दुर्बीण सूर्यापासून दूर, खोलीत ठेवावी. विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पुढचे भिंग पाहावे. त्यावर डाग, पापुद्रे, बुडबुडे किंवा बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत काय, हे दिसते. मग आयपीस काढून त्या जागेतून आतल्या काचेकडे विजेरीनेच पाहावे. निरोगी काच आरशासारखी एकसंध चमकते. गंजलेली काच दुधाळ, ठिपकेदार किंवा कडेने खरवडल्यासारखी दिसते. त्याच वेळी प्रतिमा स्पष्ट करण्याचे बटण आणि एटलॉन जुळविण्याचे कडे फिरवून पाहावे. कडे घट्ट बसले असेल तर जोर लावू नये. आतले वंगण सुकले असण्याची शक्यता असते.

चौथी परीक्षा उन्हातील, पण अजून डोळ्याविना. दुर्बीण सूर्याकडे रोखताना नळीवरून नजर लावू नये. जमिनीवर पडणारी तिची सावली सर्वांत लहान होईल अशी दिशा द्यावी. आयपीसच्या मागे पांढरा कागद धरावा. फिकट तांबड्या उजेडापलीकडे त्यावर काही दिसता कामा नये. पांढरा झगझगीत ठिपका उमटला किंवा कागद तापला, तर तत्क्षणी दुर्बीण वळवावी आणि व्यवहार तेथेच संपवावा. मात्र कागदाची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणून दुर्बीण निर्धोक ठरत नाही, कारण अवरक्त किरण कागदावर दिसत नाहीत. पहिल्या तिन्ही परीक्षा समाधानकारक झाल्या असतील, तरच पुढे जावे.

पाचवी परीक्षा दर्शनाची. सकाळी, जमीन तापून हवा थरथरू लागण्यापूर्वीची वेळ उत्तम. बिंब गडद तांबडे आणि कड सुईसारखी स्पष्ट दिसली पाहिजे. कडे सावकाश फिरविताच एका स्थितीत कडेवरची तेजःशृंगे उजळतात आणि बिंबावर गडद धागे व खडबडीत पोत उमटतो. लहान दुर्बिणीत हा तपशील सर्व बिंबावर सारखा दिसत नाही, एका भागात अधिक खुलतो; हा दोष नव्हे. परंतु कडे कसेही फिरविले तरी बिंब सपाट, निर्जीव तांबडे राहत असेल, तर एटलॉन बिघडलेला असण्याची दाट शक्यता आहे.

यावर विक्रेता म्हणू शकतो, ‘आज सूर्यावर काही नाहीच!’ या उत्तराची शहानिशा करण्याची सोय उपलब्ध आहे. उदयपूरच्या फतेहसागर तलावातील सौर वेधशाळा ही सूर्यावर अखंड नजर ठेवणाऱ्या ‘गाँग’ या जागतिक जाळ्याच्या सहा केंद्रांपैकी एक आहे. या जाळ्याची ताजी एच-अल्फा छायाचित्रे कोणालाही मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. त्या दिवशीच्या छायाचित्रात कडेवर ठळक तेजःशृंग दिसते आणि दुर्बिणीत ते कोठेच दिसत नाही, तर खोट दुर्बिणीत किंवा तिच्या जुळवणीत आहे, सूर्यात नाही. ताडून पाहताना एवढे ध्यानात ठेवावे की दुर्बिणीतील प्रतिमा उलटी किंवा आरशातल्यासारखी असू शकते. सराफ सोन्याचा कस दगडावर लावतो. येथे प्रत्यक्ष सूर्यच कसोटीचा दगड आहे.

ज्यांना या परीक्षा स्वतः करण्याचा आत्मविश्वास नाही, त्यांनी जाणत्या माणसाची सोबत घ्यावी. पुण्यात १९४४ पासून कार्यरत असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईतील खगोल मंडळ यांसारख्या संस्थांमध्ये अनुभवी हौशी निरीक्षक भेटतात. हिरा घेताना पारखी सोबत नेणारा माणूस दुर्बीण घेताना एकटा का जातो, हा प्रश्न स्वतःस विचारण्याजोगा आहे.

किमतीचा विचार

वापरलेल्या सौर दुर्बिणीची किंमत ठरविताना नव्या किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करणे पुरेसे नाही. आतली काच येत्या काही वर्षांत बदलावी लागेल, असे गृहीत धरावे आणि तो खर्च आजच मोजावा. त्यात काचेची किंमत, परदेशातून मागविल्यास टपालखर्च आणि सीमाशुल्क, तसेच बसविणाऱ्याचा मोबदला, हे सारे आले. उत्पादकाची सेवा उपलब्ध आहे काय, हेही पाहावे. कोरोनाडो हे नाव ज्या मीड कंपनीकडे होते, तिचा अमेरिकेतील कारभार २०२४ मध्ये बंद झाला. त्यामुळे त्या दुर्बिणी कारखान्यात धाडून दुरुस्त करून घेण्याचा मार्ग उरलेला नाही. म्हणून त्या घेऊ नयेत असे नव्हे. हमीविना माल ज्या भावाने घेतला जातो, त्या भावाने घ्याव्यात इतकेच.

पैसे देण्याची रीतही महत्त्वाची. वस्तू आवडली तर इसार देऊन ती राखून ठेवावी. पूर्ण रक्कम सूर्य पाहिल्यानंतरच द्यावी. ढगाळ दिवशी घाईने सौदा पुरा करू नये. वस्तू परगावाहून येणार असेल, तर फिल्टरची विजेरीच्या प्रकाशातील छायाचित्रे, आयपीसमधून टिपलेले त्याच दिवशीचे सूर्यबिंब आणि परत घेण्याची मुदत या गोष्टी लेखी मागाव्यात. सचोटीचा विक्रेता यास हरकत घेत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी. सूर्याच्या सक्रियतेचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. सध्याचे, म्हणजे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि सूर्य आपल्या कमाल सक्रियतेच्या काळात पोहोचल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले. पुढील काही वर्षे सौरडाग क्रमाने उणावत जातील. तेजःशृंगे मंदीच्या काळातही अधूनमधून दिसतात, त्यामुळे एच-अल्फा दुर्बीण अगदीच निरुपयोगी होत नाही; पण रोज नवे काही दिसेल ही अपेक्षा मुलांच्या मनात घालू नये.

स्वस्त पण सुरक्षित मार्ग

हा सारा व्याप ज्यांना परवडणारा नाही, त्यांच्यासाठी पहिला, साधा मार्ग खुला आहे. रात्रीची ६० ते ८० मिलिमीटर तोंडाची चांगली दुर्बीण वापरलेली घ्यावी आणि तिच्या तोंडावर बसविण्यासाठी सौरनिरीक्षणाची प्रमाणित फिल्म नवी घ्यावी. डोळ्याने पाहण्यासाठी असलेली फिल्म एक लाखातील एक भागच प्रकाश सोडते. त्याच नावाने केवळ छायाचित्रणासाठी मिळणारी पातळ फिल्म डोळ्यासाठी वापरू नये. नळी जुनी चालते, भिंग जुने चालते, तिपाई जुनी चालते. फिल्म मात्र जुनी घेऊ नये. तिला पडलेले टाचणीच्या टोकाएवढे छिद्रदेखील पुरेसे घातक असते. प्रत्येक वापरापूर्वी ती तेजस्वी दिव्यासमोर धरून तपासावी, वाऱ्याने उडणार नाही अशी चिकटपट्टीने पक्की करावी, आणि दुर्बिणीवरची छोटी शोधक दुर्बीण काढून ठेवावी. तेजःशृंगे यातून दिसणार नाहीत. पण सौरडाग दिसतील, आणि रोज एका वहीत त्यांची जागा टिपली तर सूर्य स्वतःभोवती फिरतो हे मुलांना स्वतःच्या नोंदींतून उमगेल.

ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत पाहणे, काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची फिल्म किंवा वेल्डिंगची काच दुर्बिणीस लावणे, हे सर्व कटाक्षाने टाळावे. चष्मा नुसत्या डोळ्यासाठी असतो; भिंगाने एकवटलेले ऊन त्याला क्षणात भोक पाडते. आणि दुर्बीण कोणतीही असो, उन्हात उभी असताना तिच्याजवळ मोठे माणूस सतत हवे. मुलास एकटे सोडून दुकानाचा फोन घेण्यास जाऊ नये.

विकणाऱ्याचे कर्तव्य

येथवर घेणाऱ्याचा विचार झाला. पण व्यापारी घरात घेणारा आणि विकणारा एकाच गादीवर बसतो. मुले मोठी होतात, शिक्षणासाठी परगावी जातात आणि दुर्बीण माळ्यावर जाते. ती विकण्याचा प्रसंग कधीतरी येतोच. अशा वेळी ठाऊक असलेला दोष न विचारता सांगणे, हे या वस्तूच्या बाबतीत केवळ सौजन्य नव्हे. ते अपरिहार्य आहे. काचेवर साय धरली असेल तर तसे लिहून द्यावे आणि भाव त्याप्रमाणे उतरवावा. माहितीपत्रक, पावती आणि सर्व फिल्टर एकत्र द्यावेत. अवरोधक फिल्टर वेगळा काढून दोन गिऱ्हाइकांना विकण्यात चार पैसे अधिक मिळत असले, तरी तो मोह टाळावा. आणि दुर्बीण घरात आहे तोवर ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात. दर पावसाळ्याआधी एवढे केले, तर पुढच्या मालकाच्या हाती कसदार वस्तू पडते.

एका वस्तूबाबत मात्र अपवाद नाही. अनेक दशकांपूर्वीच्या छोट्या दुर्बिणींसोबत आयपीसमध्ये फिरवून बसविण्याची गडद काचेची एक चकती येत असे. तिच्यावर बहुधा ‘सन’ असे लिहिलेले असते. ती भिंगाच्या मागे, जेथे ऊन एकवटते तेथे बसते. तापून ती अचानक तडकते आणि सारे ऊन थेट डोळ्यात शिरते. जुन्या पेटीत अशी चकती सापडली तर ती दुर्बिणीसोबत देऊ नये, विकू नये, खेळण्यासही देऊ नये. फोडून टाकावी. पेटीतील एक नग कमी झाला म्हणून किंमत थोडी उतरेल. पण अनोळखी घरातील एखाद्या मुलाचा डोळा त्यामुळे शाबूत राहील.

जमाखर्चाच्या वहीत डोळ्याचा रकाना नसतो, म्हणून अशा खरेदीत तो आधी मनात आखून घ्यावा. तो रकाना भरला आणि फिल्टरचा कस लागला, की मग भाव ठरवावा. घासाघीसही खुशाल करावी. या क्रमाने घेतलेली जुनी दुर्बीण नव्या दुर्बिणीइतकीच समाधान देते, आणि गच्चीवर जमलेल्या मुलांना सूर्याची उसळती कड निर्धास्तपणे दाखवता येते.